तिवराचं पाणी

सुमती दाबके मॅडमच्या विभागात प्रथिनाला सोवळं होतं, असं मुली म्हणायच्या. मॅडमच्या कानावर ते गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

मानपाड्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर हा विभाग होता. खिडकी उघडली की एमआयडीसीचा वास, बंद केली की कुरकुरणारा एसी. काम असं, की शरीरातल्या एखाद्या प्रथिनाचा आकार कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि त्यात जिथे खाच असेल तिथे औषधाचा रेणू बसवून बघायचा. तो किती घट्ट बसतो, त्याचा एक आकडा येतो. आकडा जितका उणे तितका रेणू घट्ट. प्रथिनांचे हे आकार जगभरातले लोक एका सामायिक साठ्यात ठेवतात, तिथून कोणीही उतरवून घ्यावेत. पण ती प्रथिनं तिथून एकटी येत नाहीत. पाणी, मीठ, प्रयोगशाळेतलं कुठलं तरी रसायन, असं बरंच काही त्यांना चिकटून येतं.

"खरकटं आवरल्याशिवाय पान मांडतो का आपण?" मॅडम प्रत्येक नव्या मुलीला विचारायच्या. मग एका ओळीची आज्ञा शिकवायच्या, जे जे प्रथिन नाही ते ते सगळं पुसून टाकणारी. ती दिली की पडद्यावरचं प्रथिन धुतल्या पाटासारखं लख्ख.

ह्या सोवळ्याला सगळ्यात जास्त हसायची मेघाली नाखवा. ती कोपरीच्या कोळ्यांची. "आमच्या घरी मासळीच्या पाटीशेजारी देव बसतात," ती म्हणायची, "आणि इथे प्रथिनाला पाण्याचा थेंब शिवलेला चालत नाही." पण हसत हसत ते सोवळं सगळ्यात कसोशीने पाळायचीही तीच. आपल्या घरातल्या पहिल्याच शिकलेल्या मुलीला नियम मोडायची चैन परवडत नाही, असं तिला वाटायचं. शिकवण्यांना बसलेली मुलं चुकली तर चुकतात, आपण चुकलो तर 'कोळ्यांची पोर चुकली' म्हणतील.

अशा अभ्यासांचं आपल्याकडे उदंड पीक येतं. एक झाड घ्या, एक रोग घ्या, दोघांना कॉम्प्युटरला जुंपा, की पेपर तयार. मेघालीला ह्याची चीड होती. तिने झाड घेतलं, रोगही घेतला, पण तिला कारण होतं. कारण कोपरीत राहत होतं, त्याचं नाव हौसाबाई.

हौसाबाई तिची आत्या. मेघालीची आई लवकर गेली, तेव्हा मेघालीला आणि तिच्या भावाला, भावेशला, हिनेच वाढवलं. कोपरीच्या मार्केटात बसायची, आवाज असा की पापलेटानेही वळून बघावं. पुढे तिला काचबिंदू झाला. डोळ्यातलं पाणी साचतं, दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत मध्यापर्यंत येते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची. आत्याचा उजवा डोळा कळेपर्यंतच गेला. डाव्यात मधलं काय ते उरलं होतं, आणि ते सकाळ-संध्याकाळच्या थेंबांवर टिकून होतं.

ते थेंब काय करतात हे मेघालीने पुस्तकात वाचलं तेव्हा ती हरखली होती. डोळ्यात पाणी तयार व्हायला एक प्रथिन लागतं. त्याच्या खाचेच्या तळाशी जस्ताचा एकुलता एक अणू बसलेला असतो. थेंबातलं औषध आत जातं आणि नेमकं त्या जस्तालाच धरून ठेवतं. मग प्रथिनाचं काम मंदावतं, पाणी कमी होतं, दाब उतरतो. आत्याची अर्धी नजर जस्ताच्या एका अणूला धरून उभी होती. त्याच खाचेत आपल्या खाडीतलं काही बसेल का, असं मेघालीच्या मनात आलं, आणि तिने तिवराचं झाड निवडलं. तिवरात कुठले कुठले रेणू सापडतात हे इतरांनी आधीच शोधून ठेवलं होतं. तिने ते एकेक करून खाचेत बसवले.

त्यातला एक असा बसला की आकडा बघून ती खुर्चीतून उठली. तुलनेसाठी तिने थेंबातलं नेहमीचं औषधही बसवून बघितलं होतं. ते धड बसतच नव्हतं, खाचेत आडवं पडत होतं. तिवराच्या रेणूपुढे ते अगदी फिकं पडलं.

"म्हणजे तुझा रेणू सरस," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही मनापासून आनंद झाला.

वर्षानुवर्षं माणसांच्या डोळ्यांत काम करणारं औषध आपल्याच पडद्यावर का बसत नाही, हा प्रश्न त्या दिवशी दोघींपैकी कोणालाही पडला नाही. मेघालीला तर त्या आडव्या पडलेल्या औषधाचा आनंदच झाला होता.

पेपर छापून आला तो शिमग्याच्या सुमारास. भावेशचा कोपरीत फ्लेक्स छापायचा धंदा. वाढदिवस, दहावे, नवरात्र, कोणाचंही काहीही असो, फोटो पहिला याच्याकडे येणार. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, तसा हा. त्याने ओळखीच्या एका वार्ताहराला फोन लावला. वार्ताहराने मेघालीला दोन मिनिटं विचारलं. ती नीटच बोलली होती, की हा फक्त कॉम्प्युटरवरचा अभ्यास आहे, औषध व्हायला फार वर्षं लागतात, बहुतेक वेळा होतच नाही. बातमी आली ती अशी: 'ठाण्याच्या खाडीत काचबिंदूवर औषध! कोळ्याच्या लेकीची कमाल'. तिचं नीट बोललेलं वाक्य आत कुठेच नव्हतं.

तिने वार्ताहराला फोन करायला हवा होता. नंबर होता तिच्याकडे. त्याऐवजी तिने बातमी कापली आणि पर्समध्ये ठेवली. दोनचार वेळा रिक्षात बसल्या बसल्या काढून वाचलीही.

कोळीवाड्याच्या मंडळाने नारळी पौर्णिमेला सत्कार ठरवला. भाषणाबरोबर एखादं चित्र आण, म्हणजे बायाबापड्यांनाही कळेल, असा मंडळाचे अध्यक्ष बाबुराव यांचा निरोप आला. म्हणून पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, दुपारची लॅब रिकामी असताना, मेघाली चित्र करायला बसली. प्रथिनाला तिने फिका निळा रंग दिला. तिवराच्या रेणूला हिरवा. आता जस्ताचा गोळा चांगला मोठा, चंदेरी करायचा, पहिल्या रांगेतल्या आत्याला दिसेल एवढा. तिने कॉम्प्युटरला जस्त निवडायला सांगितलं.

काही निवडलं गेलं नाही.

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा काही नाही. तिने साठ्यातलं मूळ प्रथिन नव्याने उतरवून घेतलं. तिथे जस्त होतं, खाचेच्या तळाशी, जिथे असायला हवं तिथे. तिने पेपरासाठी वापरलेलं आपलं प्रथिन शेजारी उघडलं. तिथे पोकळी होती, आणि त्या पोकळीत तिचा हिरवा रेणू पाय पसरून बसला होता.

जे जे प्रथिन नाही ते ते पुसून टाक. जस्त प्रथिन नाही, धातू आहे. पाण्याबरोबर, मिठाबरोबर तेही गेलं. झाडू मारता मारता तिने घराचा खांबच केरात टाकला होता, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत पाहुणा किती ऐसपैस बसतो ह्याचा पेपर लिहिला होता. नेहमीचं औषध आडवं पडत होतं ते उगाच नाही. त्याला धरायला जे हवं, तेच तिने काढून घेतलं होतं.

लॅबमध्ये कोणी नव्हतं, तरी तिने आधी पडदा बंद केला. थोड्या वेळाने लाज आवरून पुन्हा चालू केला, जस्त जागच्या जागी ठेवून सगळं परत चालवलं आणि समोर बसून राहिली. नेहमीचं औषध आत गेलं आणि त्याने जस्त पकडलं, पुस्तकात दाखवतात तस्संच. तिवराचा रेणू खाचेच्या तोंडाशीच अडला. आत शिरायला त्याला वावच नव्हता.

तिने मॅडमना बोलावलं. दाबके मॅडमनी दोन्ही प्रथिनं शेजारी-शेजारी बघितली आणि हळूच स्टुलावर बसल्या.

"आपल्या नेहमीच्या प्रथिनांत धातू नसायचाच गं," त्या म्हणाल्या. "म्हणून ती आज्ञा चालून जायची. आणि मी ती तुला डोळे झाकून शिकवली."

"मी बघायला हवं होतं, मॅडम. जस्त आहे हे मला पाठ होतं. पेपरच्या पहिल्या परिच्छेदात मीच लिहिलंय ते."

"दोघींनी बघायला हवं होतं." मॅडम सरळ मनाच्या होत्या. त्यांनी तिथेच जर्नलला पत्र लिहिलं, पेपर मागे घेतो म्हणून, आणि चूक कोणाची ह्या ठिकाणी स्वतःचं नाव आधी घातलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "आता त्या सत्काराचं म्हणशील तर जाऊन ये. त्या लोकांना तू जस्त आणि खाच काय समजावणार? पत्र तर गेलंय. आपण काही लपवत नाही आहोत. आणि कॉम्प्युटरवरचा अभ्यास तो, कोणी औषध म्हणून घेतलंय थोडंच. कोणाचं काय बिघडलंय सांग बघू?"

मेघालीने मान हलवली. तिला हे ऐकायचंच होतं. भावेशने फ्लेक्स लावले होते, आत्याने नवं लुगडं काढलं होतं, बाबुरावांनी आमदारांना बोलावलं होतं. हे सगळं आता कोणत्या तोंडाने थांबवायचं? शाल घ्यायची, नमस्कार करायचा, चार शब्द तिवरांच्या महत्त्वावर बोलायचे आणि परत यायचं. नंतर कधीतरी घरच्यांना शांतपणे सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. त्या 'नंतर कधीतरी'ची तिला तेव्हाही लाज वाटली होती, पण थोडीच.

पौर्णिमेला दुपारी ती कोपरीत पोचली तर नाक्यावर तिचाच भलामोठा चेहरा. 'कोपरीची शान, डॉ. मेघाली नाखवा.' त्यातलं 'डॉ.' भावेशच्या पदरचं. तोंडाशेजारी तिवराची फांदी, त्याच्यावर एक डोळा, आणि डोळ्यातून किरण. ती खाली मान घालून त्याच्याखालून गेली. घरात भावेश घामाघूम होऊन हार मोजत होता. हौसाबाई खुर्चीवर बसली होती, हिरवं लुगडं, अंबाड्यावर गजरा, नाकात नथ. मेघाली तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"भावेश," हौसाबाई समोर बघत म्हणाली, "मेगाली कवा येनार रं? टाइम झाला ना."

"अगं आत्या, ती बाजूलाच उभी आहे तुझ्या."

"अगो बाय. गुपचूप आलीस ती." हौसाबाईने वळून तिचा हात चाचपून धरला आणि हसली. दारातून ऊन येतंय, तिरीप लागली असेल, असं मेघालीला वाटलं. तिला त्या दिवशी स्वतःच्या चेहऱ्यापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं.

मांडव मिठबंदरच्या वाटेवर घातला होता. सत्कार आटोपला की तिथूनच वाजतगाजत खाडीवर नारळ सोडायला जायचं. आमदार आले नाहीत, त्यांचा हार आला. बाबुरावांनी माइक घेतला आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून अर्धा तास आरसाच दाखवला. मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या लोकांना जे सुचलं नाही ते आपल्या पोरीने आपल्या खाडीत शोधलं, तिवरं तोडू नका म्हणून आपण कोकलत होतो ते काय उगाच, आता तरी सरकारला कळेल. टाळ्या पडत होत्या. खुर्चीत बसलेल्या मेघालीला प्रत्येक टाळी अंगावर घ्यावी लागत होती. उठून पळून जावं असं वाटत होतं आणि चेहरा मात्र हसरा ठेवायचा होता.

शाल-श्रीफळ हौसाबाईच्या हस्ते होतं. तिला मंडळाच्या दोघी बायांनी हाताला धरून वर आणलं. शाल मेघालीच्या एकाच खांद्यावर पडली आणि घसरली, ती भावेशने सावरली. मग हौसाबाईने दोन्ही हातांत नारळ घेऊन पुढे केला. मेघालीच्या पुढे नाही, तिच्या बाजूला, जिथे कोणीच नव्हतं तिथे. चेहऱ्यावर मात्र देताना असतं तसं हसू. मेघालीने चटकन पाऊल सरकवून तो धरला. समोरच्या बाया कौतुकाने हसल्या.

"हौसाबाय, दोन शब्द बोला," म्हणत बाबुरावांनी माइक तिच्या हातात दिला.

तिला आवाजाची सवय होती, माइकची नव्हती, त्यामुळे ती मार्केटातल्यासारखीच ओरडून बोलली. "मी काय बोलू? माजी भाची हाय. येवरी होती तवा कोलंबी सोलाया बसवली तर रडायची. आता तिनं माज्या डोल्यांसाटी औषद काडलंय. पेपरात आलं ना, त्या दिसापासनं मी ते डाक्टरचे थेंब बंद केले. शिमग्यापासनं. म्हटलं, माज्या घरचं औषद आसताना मना लोकांचं कशाला? तिवराचा पाला उकलतंय, गाल्तंय, आनि दोन टाइम डोल्यांत घालतंय. डोला येकदम थंड वाटतंय. भाचीला सांगितलं नवतं, म्हटलं आज समद्यांसमोर सांगू."

मांडव टाळ्यांनी भरून गेला. कोणीतरी शिट्टी मारली.

शिमग्यापासून. मेघालीच्या हातातला नारळ जड झाला. दारातलं ऊन, घसरलेली शाल, बाजूला पुढे केलेला नारळ, सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं, आणि मॅडमचा प्रश्नही आठवला. कोणाचं काय बिघडलंय.

तिने आत्याच्या हातातून माइक घेतला.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "हा सत्कार मला घेता येत नाही. मी काही औषध शोधलेलं नाही."

टाळ्या झाल्या.

"खरंच सांगते. माझी ती पात्रता नाही."

टाळ्या वाढल्या. बाबुरावांनी शेजारचा माइक ओढला. "बघा मंडळी, ह्याला म्हणतात संस्कार. एवढं केलं, पण गर्व म्हणून नाही. नाहीतर आजकालची मुलं!"

आपल्याकडे सत्काराला उभं राहिलेला प्रत्येक माणूस हेच बोलतो. माझी पात्रता नाही, श्रेय माझं नाही, तुमचं प्रेम आहे म्हणून. जो बोलत नाही त्याला लोक शिष्ट म्हणतात. मेघालीची शब्दन् शब्द खरी कबुली त्या जुन्या चाकोरीत जाऊन पडली, पालथ्या घड्यावर पाणी. ती जितकी नाही म्हणत होती तितकी लोकांच्या नजरेत मोठी होत होती, आणि तिला शरमेने जमीन दुभंगावी असं झालं. तिने पेपर मागे घेतल्याचं सांगितलं. लोकांना वाटलं, आणखी सुधारून देणार असेल. जस्ताचं सांगायला गेली, तर मागून कोणी पोरगा म्हणाला, "मॅडम एकदम हाय लेव्हल बोलतायत भाई," आणि सगळे हसले.

तेव्हा तिने माइक खाली ठेवला, आत्याच्या समोर, तिच्या अगदी नाकासमोर जाऊन उभी राहिली, आणि कॉलेजात कधी तोंडातून निघू न दिलेल्या घरच्या बोलीत म्हणाली, "आत्या, मी चुकलंय. ते औषद नाय. तिवराचं पानी डोल्यात घालू नको."

पहिली रांग गप्प झाली. मग तिच्यामागची. माइक नसल्यामुळे सगळे ऐकायला लागले.

"पेपरात आलंय ना पन," हौसाबाई म्हणाली.

"ते पन चुकीचं हाय. मी चुकीचं लिवलं, त्यांनी त्याच्यावर आनखी लिवलं."

"मंग माजे थेंब?"

"तेच खरं औषद व्हतं, आत्या."

हौसाबाईने जरा विचार केला. ती रागावलेली दिसत नव्हती. एखादं गिऱ्हाईक मासळी परत घेऊन आलं की ती असं शांतपणे विचारायची, कधी घेतलेली, कुठे ठेवलेली.

"तुना कवा कललं?"

मेघालीला खोटं बोलता आलं असतं. "परवा," ती म्हणाली.

"परवा." हौसाबाईने मान हलवली. "मंग परवाच का नाय सांगितलंस?"

शालीसाठी, म्हणायचं मेघालीने? नाक्यावरच्या फ्लेक्ससाठी? ती मान खाली घालून उभी राहिली आणि मांडवातली सगळी माणसं तिच्याकडे बघत राहिली. बाबुरावांनी घसा साफ केला आणि मंडळी, आता खाडीकडे निघूया, भरती थांबणार नाही, असं म्हणून वेळ निभावली. बँड सुरू झाला. भावेश उरलेले हार गोळा करायला लागला. नंतर कळलं, पाला रोज तोच आणून देत होता. आत्याने थेंबांची बाटली मागायचं बंद केलं, तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं, औषध लागू पडतंय म्हणून. त्या संध्याकाळी मिरवणूक खाडीवर गेली आणि भावेश एकटा शिडी घेऊन नाक्यावर गेला. फ्लेक्स त्याने स्वतःच्या हाताने उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघाली हौसाबाईला घेऊन ठाणे पश्चिमेला तिच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. हौसाबाई कालचंच लुगडं नेसली होती, गजरा सुकलेला. डॉक्टरांनी दाब मोजला आणि मेघालीला विचारलं, थेंब कोणाच्या सांगण्यावरून बंद केले? "माझ्या," मेघाली म्हणाली. हौसाबाई काहीतरी बोलायला गेली, पण डॉक्टर लिहायला लागले होते. त्यांनी आधी दाब उतरवायचं औषध घातलं आणि मग नजरेच्या तपासणीला आत पाठवलं.

ही तपासणी मेघालीला ठाऊक होती. अंधाऱ्या खोलीत एक पांढरं, खोलगट यंत्र. हनुवटी टेकवायची, मधल्या टिपक्याकडे बघत राहायचं. कडेला, वर, खाली, कुठेही बारीक दिवा लागून विझतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मागच्या खेपेला, शिमग्याच्या आधी, मेघाली अशीच स्टुलावर बसली होती, तेव्हा आत्या बटण टकटक दाबत होती आणि मध्येच म्हणाली होती, शिंपल्या फोडल्यासारखं वाटतंय.

तपासणीच्या मुलीने हौसाबाईचा उजवा डोळा झाकला, हनुवटी टेकवली, हातात बटण दिलं. "आजी, मधे बघायचं. दिवा दिसला की दाबायचं. घाई करू नका." ती आपल्या पडद्यापाशी येऊन बसली. तो पडदा मेघालीला बाजूने दिसत होता. यंत्रात जिथे दिवा लागेल तिथे पडद्यावर खूण उमटत होती. एक उमटली. मग दुसरी, खालच्या बाजूला. मग आणखी.

खोलीत फक्त यंत्राची बारीक घरघर होती.

हौसाबाई ताठ बसली होती, शाळेत पहिल्या दिवशी बसावं तशी. अंगठा बटणावर तयार. खुणा उमटत होत्या, उजवीकडे, डावीकडे, वर. ती मुलगी एकदा हौसाबाईकडे आणि एकदा मेघालीकडे बघून पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.

"पोरी," हौसाबाई यंत्रातून मान न हलवता म्हणाली, "सुरू झालं की सांग हां मना. मी बटन धरून बसलंय."

मेघालीला क्षणभर वाटलं, नको सांगूया, मधले दिवे येतील, ते दिसतील तिला, मग आपोआप कळेल. नंतर कधीतरी.

"आत्या," ती म्हणाली, "सुरू झालंय."

"कवा?"

"मगाशीच."

हौसाबाईचा अंगठा बटणावर तसाच होता. तिने एकदा श्वास सोडला आणि हनुवटी पुन्हा नीट टेकवली.

"बरं," ती म्हणाली. "मंग दिसंल तवा दाबीन."